‘एक्झिट’ आणि ‘राजी’ : सुटकेच्या खेळांचें परीक्षण

विषामृताचा खेळ लहानपणीं ज्यानें खेळला नाहीं असा मराठी वाचक विरळाच असेल. ज्याला ‘विष’ मिळालें तो जागच्या जागीं थिजून उभा राहतो. दुसरा गडी धांवत येऊन त्याला ‘अमृत’ देतो आणि तो सुटतो. सुटलेला गडी मग बाजूस बसून राहत नाहीं. तो त्याच क्षणीं तिसऱ्याला सोडविण्यासाठीं पळूं लागतो. डबा ऐसपैसमध्येंही शेवटपर्यंत लपून राहिलेला एखादा गडी डब्यावर लाथ मारतो आणि पकडले गेलेले सगळे एकदम मोकळे होतात. अंगणांतल्या या दोन खेळांची आठवण आम्हीं येथें मुद्दाम काढली आहे. हातांत मावणाऱ्या यंत्रावरील ज्या खेळांविषयीं आम्हांस लिहावयाचें आहे त्यांचा विषयही हाच आहे : संकटांत सांपडलेल्या माणसांची सुटका.

व्हिडिओ गेमसारख्या वस्तूला या मासिकाचीं पानें द्यावीं काय, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. बोलपटाला समीक्षेच्या पंक्तीस बसवितांनाही अशीच कुरकुर झाली होती, आणि तिचें उत्तर त्या कलेनेंच दिलें. आमचे विद्यार्थी कादंबरीपेक्षां या खेळांच्या संगतींत अधिक तास घालवितात. तेथें ते कथा नुसती ऐकत नाहींत, स्वतःच्या बोटांनीं ती घडवितात. त्या कथांची बरीवाईट पारख करण्याचें काम केवळ विक्रेत्यांच्या जाहिरातींवर सोंपवून मोकळें होणें आम्हांस तरी प्रशस्त वाटत नाहीं.

प्रस्तुत परीक्षणाचा मुख्य विषय ‘एक्झिट’ हा खेळ होय. जपानांतील टायटो कंपनीनें तो डिसेंबर २००५ मध्यें सोनीच्या ‘प्लेस्टेशन पोर्टेबल’ या हातयंत्रासाठीं प्रसिद्ध केला. युरोप-अमेरिकेंत तो पुढल्या वर्षीं आला. १९७८ सालीं ‘स्पेस इन्व्हेडर्स’ काढून जिनें साऱ्या जगाला आकाशांतल्या शत्रूंवर गोळ्या झाडावयास लावलें तीच ही कंपनी. तिनेंच पुढें बंदुकीला हात न लावणारा नायक निर्माण करावा, ही गंमत लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ‘एक्झिट’च्या शेजारीं आम्हीं आपल्याकडची एक कृति ठेवणार आहों. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या मंडळीनें ऑगस्ट २०२० मध्यें प्रथम ‘निन्टेन्डो स्विच’ या यंत्रावर आणलेली ‘राजी’ ती हीच. दोहोंची जात अगदीं एक नव्हे. ‘एक्झिट’मध्यें कोडीं आणि उड्या यांवांचून दुसरें कांहीं नाहीं, तर ‘राजी’मध्यें शस्त्रयुद्धाचा भाग मोठा आहे. तथापि दोन्हींच्या मुळाशीं कोणाला तरी सोडवून आणण्याची कल्पना आहे, आणि आम्हांस तुलना करावयाची आहे ती त्या कल्पनेची.

या खेळांचा मूळपुरुष शोधूं गेल्यास निन्टेन्डोच्या ‘गेम अँड वॉच’ मालेंतील १९८० सालच्या ‘फायर’पाशीं थांबावें लागतें. पेटलेल्या इमारतींतून माणसें खालीं उड्या टाकीत आहेत. दोन जवान झोळी धरून इकडून तिकडे धांवतात आणि पडणाऱ्याला उसळवीत उसळवीत रुग्णवाहिकेपर्यंत पोंचवितात. तीन माणसें हातून निसटलीं कीं खेळ संपला. येथें वांचणारा म्हणजे केवळ एक पडतें वजन आहे. त्याला तोंड नाहीं, इच्छा नाहीं. चेंडूच्या जागीं माणूस आला एवढेंच.

पुढचें पाऊल १९९१ सालीं स्कॉटलंडांतील डंडी शहरीं पडलें. डी. एम. ए. डिझाइन या मंडळीचा ‘लेमिंग्ज’ हा खेळ मूळचा घरगुती संगणकाचा, परंतु लवकरच तो ‘गेम बॉय’सारख्या हातयंत्रांवरही आला. हिरव्या केसांचे इवलेसे जीव रांगेनें चालत राहतात; समोर कडा असला तरी थांबत नाहींत. खेळणारानें त्यांपैकीं कोणाला खणावयास, कोणाला जिना बांधावयास, कोणाला आडवें उभें राहून इतरांना अडविण्यास नेमावयाचें. वांचणाराच्या हातीं प्रथमच काम आलें, ही या खेळाची मोठी प्रगति होय. परंतु त्याची नीति हिशेबी आहे. प्रत्येक पायरीवर शेकडा किती जीव वांचले पाहिजेत हें आधींच ठरलेलें असतें. जो आडवा उभा राहून इतरांना वांचवितो त्याला पुष्कळदां शेवटीं स्फोटानें उडवून द्यावें लागतें, आणि शेकडेवारी जुळली कीं खेळणारास पुढल्या पायरीचें दार उघडतें. सरकारी अहवालांतून मनुष्यहानीचे आंकडे वाचण्याची संवय झालेल्या आमच्या पिढीला यांतला उपरोध कळतो. लहान मुलांना मात्र तो कळत असेल असें वाटत नाहीं. त्यांना स्फोट आवडतो.

आतां ‘एक्झिट’कडे वळूं. याच्या नायकाचें नांव मिस्टर एस्क. उंच, सडपातळ, डोकीस टोपी, आणि पळून जाण्याच्या विद्येंत स्वतःला निष्णात समजणारा असा हा गृहस्थ आहे. चित्रें छापील चित्रकथेच्या धर्तीचीं : काळ्या शाईचे ठळक ठसे, मधून एखादाच भडक रंग. या काटकसरीचा उपयोग असा कीं, दार कोठें, शिडी कोठें, आग कोठें हें लहानशा पडद्यावरही एका दृष्टिक्षेपांत कळतें. सबंध खेळांत शंभर पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरी म्हणजे कापून उघडी केलेली एक इमारत. कोठें आग लागली आहे, कोठें पाणी भरलें आहे, कोठें काळोख आहे, आणि दूर कोपऱ्यांत बाहेर जाण्याचें दार. वेळ मोजका. शत्रु म्हणून कोणी माणूस नाहीं, राक्षस नाहीं. आगीवर मारावयाचें नळकांडें, दोर, किल्ली, असलीं गृहोपयोगी साधनें हींच येथलीं आयुधें.

परंतु या खेळाचा प्राण त्याच्या साथीदारांत आहे. जे अडकले आहेत त्यांचे चार प्रकार केलेले आहेत. तरुण जवळजवळ नायकासारखाच चढतो-उतरतो. प्रौढ माणूस बलवान. जड पेटी तो ढकलतो, परंतु उंच कट्ट्यावर चढतांना त्याला कोणी तरी वरून हात द्यावा लागतो. मूल चिंचोळ्या भोंकांतून पलीकडे जातें, जेथें नायकाचें डोकेंही शिरणार नाहीं. पण लहानशा पायरीवरही त्याला उचलून ठेवावें लागतें. आणि चौथा रोगी. त्याला स्वतःहून कोठेंच जातां येत नाहीं, त्याला कोणी तरी वाहून नेलें पाहिजे. खेळणारा या सर्वांना बोटानें जागा दाखवितो आणि तीं तीं माणसें तेथें जातात. मूल पलीकडे गेल्यावांचून किल्ली मिळत नाहीं. किल्लीवांचून प्रौढाचें दार उघडत नाहीं. प्रौढावांचून पेटी हलत नाहीं. पेटीवांचून नायकालाच वर जातां येत नाहीं. म्हणजे सोडवावयास आलेला हा विद्यावंत गृहस्थ, ज्यांना सोडवावयाचें त्यांच्या मदतीवांचून स्वतःही बाहेर पडूं शकत नाहीं. विषामृतांतलें तें तत्त्व येथें यंत्रांतून पुन्हां प्रगट झालें आहे, आणि ‘एक्झिट’ला आम्ही या जातींत श्रेष्ठ मानतों तें याच कारणानें.

हें तत्त्व पुस्तकी नव्हे. आम्ही कर्नाळ्याच्या पायथ्याशीं राहतों. पक्षी-अभयारण्याच्या दारांतून रविवारीं सकाळीं पनवेल-मुंबईकडील कुटुंबें आंत शिरतात आणि गडाची वाट धरतात. नातू पुढें पळत असतो. आजी प्रत्येक वळणावर दगड शोधून बसते. स्थूल देहाचे काका ‘तुम्ही व्हा पुढें’ म्हणत मागें रेंगाळतात. आणि उतरतांना कोणा तरी एकाचा पाय हटकून मुरगळतो. पावसाळ्यांत वाट शेवाळलेली असते. वरच्या सुळक्यावरील मधमाश्यांचीं पोळीं तर सर्वश्रुत आहेत. त्या उठल्या म्हणजे हौसेची सहल पळापळीचें रूप घेते. अशा वेळीं ही मंडळी खालीं आणणें म्हणजे तंतोतंत ‘एक्झिट’ची एक पायरी होय. त्या टोळींत सर्वांत दांडगा कोण, या प्रश्नाला तेथें फारशी किंमत नसते. कोणी पुढें उतरून हात धरावा, कोणी मागें राहावें, मुलाला कोणत्या दगडावर उभें करावें, मुरगळलेल्या पायाच्या माणसाला दोघांनीं कोठपर्यंत न्यावें आणि कोठें खांदा बदलावा, हा क्रम ज्याला सुचतो तोच टोळी खालीं आणतो. गिर्यारोहणाच्या संस्था जें शिक्षण देतात त्यांतला एक मोठा भाग या क्रमाचाच असतो. हातयंत्रावर बसून तो अंगीं येईल असा भाबडा दावा आम्ही करीत नाहीं. परंतु नायकाच्या पराक्रमावरून दृष्टि काढून ती माणसामाणसांतील फरकावर स्थिर करण्याची संवय या खेळानें लागते, आणि आमच्या कादंबऱ्यांतूनही ती फारशी लागत नाहीं.

दोषही सांगितले पाहिजेत. मिस्टर एस्कची हालचाल मंद आहे. वळावयास सांगितलें तर तो आधीं विचार करतो कीं काय असें वाटतें. या सुस्तपणाबद्दल परीक्षकांनीं त्या वेळींच तक्रार केली होती आणि ती रास्त आहे. कारण वेळ मोजका ठेवून पाय जड ठेवणें ही खेळणाराची फसवणूक होते. दुसरा दोष अधिक खोल. साथीदार आज्ञा पाळतात, नकार देत नाहींत. आगीजवळ जाण्यास सांगितलें तर मूल मुळींच रडत नाहीं. सांगेपर्यंत तीं सर्व जागच्या जागीं उभीं, सांगितल्यावर निघालीं. भीति, हट्ट, ‘आधीं माझ्या भावाला न्या’ असली विनवणी, यांपैकीं कांहीं नाहीं. संकटांत माणसें नेमकीं याच गोष्टी करतात. खेळकर्त्यानें माणसांचीं शरीरें जितक्या बारकाईनें पाहिलीं तितक्या बारकाईनें मनें पाहिलीं नाहींत. पडद्याच्या लहानपणाकडे बोट दाखवून याचें समर्थन करतां येणार नाहीं; चित्रकथेच्या चार चौकटींत भीति दाखवितां येते.

चौथ्या साथीदाराविषयीं आमचें एका तरुण प्राध्यापक-मित्राशीं मतभेद झाले. त्यांचें म्हणणें असें कीं, रोगी हा निव्वळ बोजा आहे. तो आला कीं ‘एक्झिट’ पुन्हां ‘फायर’च्या पातळीवर उतरतो, कारण रोगी कांहींच करीत नाहीं. आम्हांस तें पटलें नाहीं. रोगी असलेल्या पायरीवर बसून पाहावें. एरवीं आपण जी वाट सहज काढली असती ती तेथें निरुपयोगी ठरते. उडी मारून ओलांडावयाचा खड्डा आतां पेटी ढकलून भरावा लागतो, कारण रोग्याला घेऊन उडी मारतां येत नाहीं. सगळ्या टोळीची वाट त्याच्या मापानें आखावी लागते. कांहीं न करतां तो सर्वांच्या करण्याला आकार देतो. ज्या घरांत कोणी अंथरुणास खिळलेलें आहे त्या घरांतील माणसांना हें वेगळें सांगावयास नको.

आणखी एक आक्षेप आहे, आणि तो केवळ ‘एक्झिट’वर नसून या सर्व जातीवर आहे. प्रत्येक पायरीला वाट असतेच. खेळकर्त्यानें ती आधीं काढून ठेवलेली असते. खेळणारानें ती शोधावयाची, चुकल्यास पुन्हां आरंभ करावयाचा. या हमीमुळेंच कोड्याला गोडी येते. परंतु सुटकेचें चित्र म्हणून पाहिल्यास हीच त्यांतली मोठी असत्यता होय. आमच्या याच रायगड जिल्ह्यांत, खालापूर तालुक्यांत, इर्शाळवाडी ही आदिवासी वस्ती १९ जुलै २०२३ च्या रात्रीं दरडीखालीं गेली. तेथें मोटारीचा रस्ता नव्हता. माती उपसणारीं अवजड यंत्रें वर नेतां आलीं नाहींत. बचाव दलाचे जवान, गिर्यारोहक आणि स्वयंसेवक मुसळधार पावसांत चिखलाची चढण पायीं चढून गेले आणि कुदळफावड्यांनीं माती काढूं लागले. त्या चढणीवर अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा प्राण गेला. २७ देह हातीं लागले. ५७ माणसें बेपत्ता असतां २३ जुलै रोजीं शोध थांबवावा लागला. तेथें पुन्हां आरंभ करण्याची सोय नव्हती, आणि कोणी आधीं काढून ठेवलेली वाटही नव्हती.

खेळाच्या परीक्षणांत हें उदाहरण आणणें कोणास रुचणार नाहीं, हें आम्ही जाणतों. पण त्या रात्रीची एक हकीकत वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाली होती, आणि ती आमच्या विषयाला सोडून नाहीं. वाडींतलीं कांहीं तरुण मुलें रात्रीं शाळेच्या इमारतींत मोबाइल घेऊन जागीं होतीं. म्हणून तीं वांचलीं, आणि दरड कोसळल्याची हांक बाहेर पोंचविणारीं पहिलीं तींच. सरकारी भाषेंत त्यांची गणना ‘बचावलेले’ या सदरांत होईल. वस्तुतः मदत तेथवर आली तिची पहिली कडी तीं होतीं. सोडविणारा आणि सोडविला जाणारा अशा दोन जाती करून संकटाकडे पाहणारी दृष्टि अशा ठिकाणीं तोकडी पडते.

या मापानें ‘राजी’ कडे पाहिलें म्हणजे आनंद आणि खंत दोन्ही वाटतात. आनंद तिच्या रूपाचा. रंगविलेल्या भिंती, राजस्थानी धाटणीचे झरोके आणि जिने, पहाडी चित्रांची आठवण देणारी रंगसंगति, मधल्या कथेसाठीं छाया-बाहुल्यांची योजना. हें सर्व पाहून परदेशी खेळांतील उसनवारीच्या ‘हिंदुस्थाना’ला कंटाळलेल्या माणसाचा जीव निवतो. हें काम सुखासुखीं झालेलें नाहीं. २०१७ सालीं लोकवर्गणी उभारण्याचा प्रयत्न फसला. संस्थापकांपैकीं एकानें घर विकून खेळ तडीस नेला, अशी कथा प्रसिद्ध आहे. पहिल्या आवृत्तींत पात्रें इंग्रजी बोलत. २०२२ च्या सुधारलेल्या आवृत्तींत हिंदी आवाज आले. अशा कृतीवर टीका करतांना हात आंखडतो. परंतु कष्टांची कदर निराळी आणि गुणदोषांचा निवाडा निराळा.

कथा अशी : राजी ही जत्रेंत कसरतीचे खेळ करणारी मुलगी. महाबलासुर आपलें राक्षससैन्य घेऊन चालून येतो, मुलांना पळवून नेतो. त्यांतच तिचा धाकटा भाऊ गोलू नेला जातो. दुर्गेच्या कृपेनें तिला शस्त्र मिळतें, आणि ती भावाच्या शोधांत निघते. दुर्गा आणि विष्णु वरून पाहत आपसांत तिच्याविषयीं बोलत राहतात. सोंवळ्यांतल्या पुराणाला एका कसरतवालीच्या पायांशीं आणून बसविण्याची ही कल्पना सुंदर आहे. खांबावर झोंका घेऊन पलीकडे जाणारी, भिंतीवर धांवणारी राजी पाहतांना तिची विद्या तिच्या पोटापाण्याच्या धंद्यांतून आलेली आहे हें विसरावयास होत नाहीं.

खंत गोलूची. खेळाच्या आरंभीं तो दिसतो आणि मग नाहींसा होतो. बहीण ज्याच्यासाठीं एवढीं संकटें ओलांडते त्याला त्या सबंध प्रवासांत एकही काम दिलेलें नाहीं. मधून मधून वर्तुळाकार चित्राचे तुकडे फिरवून जुळविण्याचीं कोडीं येतात. तीं जुळलीं म्हणजे बहीणभावाच्या जुन्या आठवणी उजळतात. हीं स्थळें खेळांतील सर्वांत कोमल होत. पण तेथेंही गोलू चित्रांतच राहतो. तो कसा आहे, कशाला भितो, बंदिवासांत त्यानें स्वतः कांहीं युक्ति केली काय, हें कळत नाहीं. सुटका हें येथें केवळ निमित्त आहे. खरी हौस युद्धाची. शेवटही घाईनें उरकल्यासारखा वाटतो, याचें कारण आम्हांस यांतच दिसतें : ज्याला भेटावयाचें त्याच्याविषयीं आपणांस कांहींच ठाऊक नसल्यामुळें भेटीच्या प्रसंगाला भरण्यासारखें द्रव्यच खेळकर्त्याजवळ उरलेलें नाहीं.

पुराणांचा आधार घेतला म्हणून असें झालें, असा बचाव कोणी करील तर तो चालणार नाहीं. वाल्मीकीच्या सुंदरकांडांत हनुमान अशोकवनांत पोंचतो आणि पाठीवर बसवून परत नेण्याची तयारी सीतेला दाखवितो. ती नाहीं म्हणते. तिचीं कारणें ती एकामागून एक सांगते. त्यांत भीति आहे, मर्यादा आहे, पतीच्या कीर्तीची काळजी आहे आणि युद्धाचा व्यवहारी विचारही आहे. सुटका कोणत्या रीतीनें व्हावी हें बंदिवासांतली स्त्री ठरविते आणि महापराक्रमी वानराला तें ऐकावें लागतें. ‘एक्झिट’च्या आज्ञाधारक साथीदारांत नाहीं तें मन येथें आहे, आणि ‘राजी’च्या कर्त्यांना तें घरांतच उपलब्ध होतें. पुराणें नको असतील तर रायगडाची हिरकणी होती. दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्यासाठीं कडा उतरून जाणारी ही दूधवाली इतिहासांत किती आणि दंतकथेंत किती, हा वाद बाजूस ठेवला तरी तिच्या कथेंत सोडविणारी आणि अडकलेली एकच आहे. आणि कडा उतरण्याची कसरत हा तर अशा खेळांचा हातखंडा विषय. पुण्याच्या मंडळींनीं आमच्या देवांचीं आयुधें घेतलीं, वेष घेतले, देवळें घेतलीं. आमच्या कथांतील अडकलेल्या माणसांकडे मात्र त्यांची नजर गेली नाहीं.

सोनीचें तें यंत्र आतां निघत नाहीं. ज्यांच्या घरीं कपाटांत तें पडलेलें असेल त्यांनीं ‘एक्झिट’ मिळवून मुलांच्या हातीं द्यावा, आणि रोगी असलेल्या पायऱ्यांपर्यंत तीं पोंचलीं म्हणजे शेजारीं बसून पाहावें. पहिल्या चारसहा प्रयत्नांत मुलें रोग्याला शेवटासाठीं ठेवतात, आणि वेळ संपतो. मग कोणी तरी त्याला आधीं उचलून पाहतें.